घंटेआधीची पंधरा मिनिटं : सेवा क्लबच्या लंच मीटिंगला नव्याने जाणाऱ्यांसाठी

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबच्या लंच मीटिंगला मी पहिल्यांदा गेले ती निमंत्रणावरच्या वेळेला, अगदी काट्यावर. वक्तशीरपणाबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. आत पाहते तर सगळे आपापल्या जागी बसलेले, सभा सुरू झाल्याची घंटा नुकतीच वाजलेली आणि पुढच्या टेबलाशी एकच खुर्ची रिकामी. बसले. दोन मिनिटांत एक गृहस्थ वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, ही वक्त्यांची जागा आहे." वक्ते मागे दाराशी, फाइल छातीशी धरून उभे होते.

पुढे मी त्याच क्लबची सभासद झाले, दोन वर्षं कार्यक्रम समितीचं काम पाहिलं आणि इतर क्लबांत वक्ता म्हणूनही बोलले. पाहुणी, यजमान आणि वक्ता अशा तिन्ही खुर्च्यांवर बसून एक गोष्ट पक्की कळली. या सभेत घड्याळच सगळं ठरवतं. लोक कामाच्या मधल्या सुट्टीत आलेले असतात आणि ठरल्या वेळी त्यांना परत जायचं असतं. त्यामुळे ओळखी होतात त्या घंटा वाजायच्या आधी, आणि भाषण बसवावं लागतं ते शेवटच्या मिनिटापासून उलटं मोजत.

१. क्लब कशासाठी आहे ते आधी समजून घ्या

थोडा इतिहास येतोय, पण पहिल्या दिवशीची निम्मी फजिती यानेच टळते.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन ओळखीच्यांबरोबर एका छोट्या कचेरीत बसला. एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक कपडे शिवून देणारा व्यावसायिक. एवढ्या मोठ्या शहरात धंदा करताना चार भरवशाची माणसं असावीत, इतकीच कल्पना होती. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायच्या, त्या फिरण्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडलं. सुरुवातीच्या काळात कोणी कोणाला किती धंदा दिला याची चक्क नोंद ठेवली जायची.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासद व्हायला बोलावलं, तर तो बिचकला. फक्त आपल्याच माणसांचं भलं पाहणाऱ्या क्लबात त्याला रस वाटेना. त्याच्या आग्रहातून शहराच्या हिताचा मुद्दा क्लबच्या उद्दिष्टांत आला, आणि क्लबने हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून पाठपुरावा करण्याचं. लायन्सची गोष्टही फार वेगळी नाही. मेल्विन जोन्स हा विमा व्यवसायातला माणूस शिकागोच्या एका व्यावसायिक मंडळात होता. त्याच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्सची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी डलासच्या अधिवेशनात ठरलं की सभासदांचा आर्थिक फायदा हे कोणत्याही क्लबने आपलं उद्दिष्ट म्हणून मांडायचं नाही. १९१५ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेला किवानिसही आधी धंद्याच्या देवाणघेवाणीचाच क्लब होता.

म्हणजे धंद्याच्या ओळखी ही या क्लबांची मुळं, आणि त्यावर सेवेचं कलम बांधलेलं. तुमच्या कामाची गोष्ट तिथे कोणी दोन मिनिटं आवडीने ऐकेल, पण माल खपवायला आलात असं वाटलं की लोक तोंडावर हसून दुसऱ्या टेबलाकडे सरकतील. कोणी काही बोलणार नाही. फक्त पुढचं निमंत्रण येणार नाही.

२. निमंत्रण, होकार आणि ताटांचा हिशोब

पाहुणा म्हणून जायचं तर एखाद्या सभासदाचं बोट धरून जा. कोणीच ओळखीचं नसेल तर क्लबच्या सेक्रेटरींना फोन किंवा ईमेल करा. सभा पाहायची आहे म्हटल्यावर सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र या गोष्टी आधीच विचारून घ्या:

- सभा नक्की कोणत्या तारखेला आहे? पूर्वी रोटरीत दर आठवड्याची सभा हा दंडक होता. २०१६ मध्ये नियम सैल झाले आणि महिन्याला किमान दोन सभा एवढी अट राहिली. त्यामुळे दर आठवड्याला असेलच असं धरून चालू नका.
- ही सभा पाहुण्यांसाठी खुली आहे ना? काही सभा फक्त क्लबच्या अंतर्गत कामकाजाच्या असतात.
- जेवणाचे पैसे कोण देणार? तुम्हाला बोलावणारा सभासद, क्लब की तुम्ही स्वतः, हे आधीच ठरलेलं बरं. ऐनवेळी पाकिटं काढून ‘मी देतो, मी देतो’ करणं दोघांनाही अवघड जातं.
- होकार कधीपर्यंत कळवायचा? किती माणसं येणार तो आकडा आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गेलेला असतो. येतो म्हणून न जाणं म्हणजे क्लबला एका पानाचा भुर्दंड. खाण्याचं काही पथ्य असेल तर तेही याच वेळी सांगा, ताट समोर आल्यावर नको.

३. सोबत काय न्यायचं

- व्हिजिटिंग कार्डं, दहा-बारा पुरे.
- छोटी वही आणि चालणारं पेन. मोबाइलवर नोंद करता येते, पण समोरच्याला वाटतं तुम्ही मेसेज बघताय.
- जेवणाचे आणि किरकोळ सुटे पैसे. सुटे कशाला ते सहाव्या पायरीत कळेल.
- वाचायचा चष्मा. नावाच्या बिल्ल्यावरची अक्षरं बारीक असतात.
- त्या दिवशीच्या वक्त्याचं नाव आणि विषय, निदान डोक्यात.

आपल्या कंपनीची माहितीपत्रकं नेऊ नका. दुसऱ्या भेटीला मी नेली होती. खुर्च्याखुर्च्यांवर ठेवून आले आणि सभेनंतर सगळी जशीच्या तशी गोळा करून आणली.

४. वीस मिनिटं आधी पोहोचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ही पायरी ठेवा. सभा १ वाजता सुरू होऊन २ वाजता संपते असं समजा. त्या तासाचा हिशोब साधारण असा लागतो:

- १२:४० ते १:०० : लोक येतात, नोंदवहीत सही करतात, बिल्ला लावतात, उभ्या उभ्या गप्पा.
- १:०० : प्रेसिडेंट घंटा वाजवतात. औपचारिक सुरुवात, पाहुण्यांची ओळख.
- १:१० : जेवण.
- १:२५ : सेक्रेटरींच्या सूचना, वाढदिवस, चालू प्रकल्पांचा आढावा.
- १:३३ : वक्त्याचा परिचय.
- १:३५ : भाषण.
- १:५३ : प्रश्नोत्तरं.
- १:५८ : आभार आणि समारोपाची घंटा.

क्लबागणिक क्रम बदलतो, पण गणित हेच. आता यात निवांत बोलायला वेळ कुठे आहे ते शोधा. जेवताना तोंडात घास असतो आणि आवाज फक्त शेजारच्या दोघांपर्यंत पोहोचतो. समारोपाची घंटा वाजली की निम्मे लोक गाडीची किल्ली हातात घेऊनच उठतात. उरतात ती सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं.

दारातच सार्जंट (सभेची व्यवस्था पाहणारा सभासद) किंवा स्वागत समितीचं कोणी उभं असतं. त्यांना सरळ सांगा, "मी पहिल्यांदाच आलेय, इथे कोणालाच ओळखत नाही." हे सांगायला लाज वाटते, मलाही वाटली होती. पण त्या माणसाचं कामच ते आहे. तो तुम्हाला हाताला धरून दोन-तीन जणांपुढे उभं करतो, आणि तुमचं सर्वांत अवघड काम तिथेच उरकतं.

५. बोलायचं काय आणि बसायचं कुठे

पुढच्या टेबलावर बसायचं नाही, हे आता मी वेगळं सांगायला नको. प्रेसिडेंट, सेक्रेटरी आणि वक्ते यांच्या त्या जागा. बाकी कुठेही, फक्त "इथे कोणी येणार आहे का?" असं विचारून बसा. जुन्या सभासदांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. कागदावर नाही, सवयीने. ज्यांच्याबरोबर आलात त्यांना चिकटून बसण्यापेक्षा एक खुर्ची सोडून बसा, म्हणजे दोन्ही बाजूंना नवी माणसं येतात.

"आपण काय करता?" हा प्रश्न दहा वेळा येणार. त्याचं उत्तर घरून तयार करून जा. हुद्दा सांगितलात तर संभाषण तिथेच बसतं. "मी सीनियर अकाउंट्स कन्सल्टंट आहे" यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि पाण्याचा ग्लास उचलतो. आमच्या क्लबातल्या एका हिशोबनीसांचं उत्तर ऐका: "छोटे दुकानदार वर्षभराच्या पावत्या खोक्यात कोंबून माझ्याकडे आणतात. मी त्या खोक्याची फाइल करून देतो." यावर प्रत्येक जण हसतो, आणि निम्म्यांना घरातलं आपलं खोकं आठवतं. त्यांना कधी ‘काम असेल तर सांगा’ म्हणावं लागलं नाही.

तुमचं बोलून झालं की विचारा, आणि विचारताना क्लबचं विचारा. "आपण कधीपासून येता?" "सध्या कोणता प्रकल्प चालू आहे?" माणूस धंद्याबद्दल हातचं राखून बोलेल, पण रक्तदान शिबिरात किती धावपळ झाली ते भरभरून सांगेल. मला तर कोणाचा स्वभाव कळला असेल तर तो असल्या गोष्टींतूनच.

कार्डांचं एक पथ्य पाळा. पत्ते वाटल्यासारखी कार्डं वाटायची नाहीत. बोलणं झालं, पुन्हा बोलावंसं वाटलं, तर समोरच्याचं कार्ड मागा. तो मग आपणहून तुमचं मागतो. घरी गेल्यावर त्याच्या कार्डाच्या मागे एक ओळ लिहा, ‘मुलगी वास्तुशास्त्र शिकतेय, जुन्या घड्याळांचा नाद’ अशी. तीन आठवड्यांनी तीच ओळ कामाला येते. कोरं कार्ड कोणाचं होतं तेही आठवत नाही.

आणि या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. पहिल्या भेटीत नोकरी, देणगी किंवा उधारी मागणं. साखळी योजनेचं नाव काढणं. डॉक्टर दिसले की रिपोर्ट पुढे करणं. वकील दिसले की भावकीची जमीन काढणं. डॉक्टरांनाही कधी तरी गरम जेवायचं असतं.

एकाच माणसापाशी अडकलात तर? "बरं झालं भेटलो, जरा त्या बाजूलाही ओळख करून येते," म्हणून सरळ निघा. कोणी वाईट मानत नाही, कारण सगळे त्याचसाठी आलेले असतात. कोपऱ्यात एकटं कोणी उभं असेल तर आधी तिथे जा. बहुतेक वेळा तोही नवीनच असतो. कधी कधी तो त्या दिवशीचा वक्ता असतो आणि यजमानांनाच त्याचा विसर पडलेला असतो.

६. घंटा वाजल्यावर

पाहुण्यांची ओळख करून देताना नाव पुकारलं की उभं राहा, सगळ्यांकडे पाहून मान लववा आणि बसा. कोणी बोलायला सांगितलंच तर नाव, काम आणि ज्यांनी आणलं त्यांचं नाव, बस.

रोटरीच्या सभेत चार प्रश्नांची एक कसोटी वाचली जाईल किंवा भिंतीवर दिसेल. हे खरं आहे का, संबंधित सगळ्यांना न्याय्य आहे का, याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का, असे ते प्रश्न. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये ते आपल्या कर्जात बुडालेल्या कंपनीसाठी लिहिले होते. रोटरीने ते १९४३ मध्ये स्वीकारले. पाठ नसले तरी चालतं, नुसतं उभं राहायचं.

मग येतात सुटे पैसे. काही क्लबांत आनंदाची बातमी सांगून डब्यात पैसे टाकतात, काही ठिकाणी गमतीचा दंड होतो. बिल्ला विसरला, दंड. पेपरात फोटो आला, दंड. लायन्समध्ये यासाठी ‘टेल ट्विस्टर’ नावाचं पदच आहे. त्याच्या निर्णयावर अपील नसतं, आणि त्याला स्वतःला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्या सभासदांचं एकमत लागतं. पाहुण्यांना सहसा सोडतात. पण डबा समोर आलाच तर चेहरा पाडू नका, टाका दोन नाणी.

७. भाषण ऐकताना

फोन बंद, ताट बाजूला, खुर्ची वक्त्याकडे वळवलेली. प्रश्न विचारायचा तर एकच, आणि तो प्रश्नच असू द्या. "माझा प्रश्न नाही, पण मला असं वाटतं की..." अशी सुरुवात झाली की आमचे एक माजी प्रेसिडेंट उघडपणे घड्याळ कानाला लावून बघतात. पाहुण्यांनी आधी दोन सभासदांना विचारू द्यावं, मग हात वर करावा.

८. वक्ता आणायचं काम तुमच्याकडे आलं तर

सभासद झालात की वर्षभरात हे काम गळ्यात पडतंच. ‘नवीन आहेत, उत्साही आहेत’ असं म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणूस निवडताना मोठं नाव शोधू नका. मोठी नावं आदल्या रात्री येत नाही म्हणून कळवतात, किंवा येतात आणि जुनंच भाषण करतात. जवळून काम केलेला माणूस शोधा. पाणीपुरवठ्याचे अभियंते, साप सोडवणारी मुलगी, ग्रंथालयात जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे, रात्रपाळीच्या नर्स. आमच्याकडे गाजलेलं भाषण एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं होतं. लिफ्ट अडकली तर दार उघडायची खटपट का करायची नाही, हे त्यांनी दोन पुठ्ठे आणि एक दोरी घेऊन दाखवलं. घंटा वाजली तरी लोक उठेनात.

दोन प्रकारच्या वक्त्यांपासून सावध राहा. एक, निवडणुकीला उभे असलेले. हे क्लब कोणत्याही पक्षाचे किंवा पंथाचे नसतात आणि एकाला बोलावलं की दुसऱ्याला का नाही हा वाद वर्षभर पुरतो. दुसरे, ‘आर्थिक साक्षरता’ या विषयावर बोलायला येऊन शेवटच्या पाच मिनिटांत अर्ज वाटणारे. त्यांना नाही म्हणायची गरज नाही, पण आधीच स्पष्ट सांगा की इथे विक्री चालत नाही.

तारीख पक्की करताना वाराच्या भरवशावर राहू नका. हे मी अनुभवाने सांगतेय. एका सोमवारी मी वक्त्यांना फोनवर म्हणाले, "पुढच्या मंगळवारी या." मला म्हणायचं होतं आठवड्यानंतरच्या मंगळवारी. त्यांनी धरला दुसऱ्याच दिवशीचा. ते आले, हॉलला कुलूप. पुढचा आठवडा उजाडला आणि सभेत चाळीस माणसं, पण वक्ता नाही, कारण साहेब रागावून फोन उचलत नव्हते. चूक माझी होती. ‘येत्या’, ‘पुढच्या’, ‘त्याच्या पुढच्या’ यांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. तेव्हापासून मी तारीख, महिना, वार आणि वेळ चारही लिहून पाठवते आणि समोरून लेखी होकार घेते.

निमंत्रणाच्या पत्रात एवढं असायलाच हवं:

- तारीख, वार, हॉलचा पूर्ण पत्ता, गाडी कुठे लावायची.
- पोहोचायची वेळ आणि भाषणाची वेळ, दोन्ही वेगवेगळ्या.
- भाषणाला किती मिनिटं, प्रश्नांना किती मिनिटं.
- श्रोते किती, साधारण कोण, विषयाची कितपत माहिती असलेले.
- पडदा, प्रोजेक्टर, माइक यांपैकी काय आहे आणि काय नाही.
- मानधन किंवा प्रवासखर्च आहे की नाही. बहुतेक क्लब मानधन देत नाहीत. ते संकोचाने दडवून ठेवू नका.
- सोबत कोणी येणार असेल तर जेवणासाठी आकडा.
- दिवसभर लागेल असा एक फोन नंबर.

त्यांच्याकडून मागवायचं ते असं: पाच ओळींचा परिचय, फोटो, विषयाचं नाव आणि स्लाइड असतील तर आदल्या दिवशी फाइल. फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडून शेवटपर्यंत बघा. फॉण्ट बदलून मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसणं हा प्रकार सभेत कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेला बरा.

आदल्या दिवशी पुन्हा फोन. "उद्याची आठवण करून द्यायला" एवढं म्हटलं की पुरतं. सकाळी हॉलमध्ये माइकची पेटी उघडून बॅटरी तपासा. आणि क्लबातला एखादा सभासद नेहमी राखीव ठेवा, जो दहा मिनिटांच्या सूचनेवर स्वतःच्या व्यवसायाबद्दल पंधरा मिनिटं बोलू शकेल. त्या मंगळवारी आम्हाला असाच एक दंतवैद्य वाचवून गेला.

परिचय हा वेगळा रोग आहे. वक्त्याने पाठवलेली दोन पानं जशीच्या तशी वाचायची नाहीत. जन्म, शिक्षण, पुरस्कार, परदेशवाऱ्या करता करता सहा मिनिटं जातात आणि ती भाषणातून वजा होतात. नावाचा उच्चार त्यांनाच विचारून घ्या. मग तीन गोष्टी सांगा: हा विषय काय, आपल्याला त्याच्याशी काय घेणं, आणि याच व्यक्तीकडून तो का ऐकायचा. शेवटी नाव, आणि बसा. वक्त्या बाई असतील तर त्यांच्या यजमानांचा हुद्दा परिचयात घालायचं कारण नाही. रोटरीने घटनेतली ‘फक्त पुरुष’ ही अट १९८९ मध्ये काढून टाकली, पण परिचय लिहिणाऱ्यांपर्यंत बातमी अजून सगळीकडे पोहोचलेली दिसत नाही.

सूचनांचा वेळ लांबला तर वक्त्याची मिनिटं कापली जातात, आणि त्याला ते कोणी सांगत नाही. हे तुमचं काम. सभेआधी सेक्रेटरींना गाठून सूचना आठ मिनिटांत आटपायचं कबूल करून घ्या. भाषणाच्या वेळी समोर बसा आणि ‘५’ आणि ‘१’ लिहिलेले दोन कागद दाखवा. वक्त्याला आधी सांगून ठेवलं असेल तर त्याचा अपमान होत नाही, उलट बरं वाटतं.

आभार मानणाऱ्याने भाषण पुन्हा सांगायचं नसतं. भाषणातली एकच गोष्ट उचलायची, ‘ते पुठ्ठ्याचं दार लक्षात राहील’ अशी, आणि खाली बसायचं.

९. तुम्हीच वक्ता असाल तर

सेवा क्लबांच्या इतिहासातलं सर्वांत परिणामकारक पाहुण्याचं भाषण कोणतं असं मला कोणी विचारलं तर मी दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांचं नाव घेईन. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे लायन्सच्या अधिवेशनात त्या बोलल्या. छापलेलं भाषण पानभरात मावतं. संधी दारावर एकदाच टकटक करते ही जुनी गोष्ट त्यांनी सांगितली, आणि मग म्हणाल्या की मीच तुमची संधी आहे, तुमच्या दारावर थाप मारते आहे. टाळता येण्याजोगं अंधत्व राहू नये, एकही अंध-बधिर मूल शिक्षणावाचून राहू नये, हे मागणं त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडलं. लायन्सने ते काम घेतलं आणि आजही दृष्टीचं काम ही त्या संघटनेची ओळख आहे.

हेलन केलर होणं आपल्या हातात नाही, पण बांधणी उचलता येते. एक गोष्ट, एक मुद्दा, एक मागणं. मागणं नेमकं असावं. "समाजाने पुढे यावं" म्हटलं की सगळे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. "आमच्या अभ्यासिकेला शनिवारी दोन तास गणित शिकवणारे तीन जण हवेत" म्हटलं की टाळ्या कमी पडतात आणि दोन जण पुढे येतात.

अठरा मिनिटं दिली असतील तर तेराची तयारी करा. सूचना लांबतातच. घरी मोठ्याने, घड्याळ लावून, उभं राहून म्हणून बघा. मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं. सुरुवात आणि शेवट पाठ असू द्या, मधला एक भाग असा ठेवा की गाळला तरी कोणाला कळणार नाही. मी एकदा पंचवीस स्लाइड नेल्या आणि नवव्या स्लाइडला घंटा वाजली. माझं खरं म्हणणं चोविसाव्या स्लाइडवर होतं.

पुढच्या टेबलावर जेवताना हात आवरता घ्या. भरल्या पोटी बोलायला जड जातं. आणि भाषण संपलं की लगेच पळू नका, दहा मिनिटं थांबा. ज्याला खरोखर काही विचारायचं असतं तो गर्दी पांगेपर्यंत भिंतीला टेकून उभा असतो.

१०. नंतरचे दोन दिवस

ज्यांनी नेलं त्यांना त्याच संध्याकाळी आभाराचा मेसेज. ज्या दोघा-तिघांशी बोलणं झालं त्यांना दुसऱ्या दिवशी एक ओळ, कार्डामागची नोंद बघून. कोणाला काही पाठवतो म्हणालात, लेखाचा दुवा, कोणाचा नंबर, तर ते आधी पाठवा. पहिल्या मेसेजलाच दरपत्रक जोडू नका. सभासद व्हायची घाईही नको. तीन-चार सभा बघा, एखाद्या प्रकल्पावर जाऊन सतरंज्या उचला, वर्गणी आणि वेळेची अपेक्षा विचारा, मग अर्जाचं बोला.

वक्ते तुम्ही आणले असतील तर त्यांना दोन दिवसांत पत्र जायला हवं. त्यात श्रोत्यांपैकी कोणी नंतर काय म्हणालं ते एक वाक्य घाला, फोटो जोडा. आणि एका वहीत नोंद करा: वक्ता, विषय, तारीख, किती मिनिटं बोलले, प्रश्न किती आले, पुन्हा बोलवावं का. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जूनच्या शेवटी ही वही नव्या कार्यक्रमप्रमुखाच्या हातात द्यायची. माझ्या वहीत त्या मंगळवारच्या वक्त्यांच्या नावापुढे ‘माफी मागितली, येतो म्हणाले, तारीख लिहून पाठवणे’ एवढंच लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षी ते आले, अर्धा तास आधी.